शिवी कोणाची, सत्ता कोणाची

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांचे हाल हे विषय बाजूला ठेवून हा गृहस्थ विज्ञानकथांतल्या शिव्यांवर बोलणार, म्हणजे हा तास विरंगुळ्याचाच दिसतो, असे कोणाला वाटले असल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु जो माणूस अद्याप पुरता जन्माला आलेला नाही, त्याच्यासाठी शिवी मात्र आधीच तयार होऊन बसली आहे, ही गोष्ट मला गमतीची वाटत नाही. प्रयोगशाळेत घडवलेला किंवा जनुके बदललेला माणूस कसा असेल, याची चित्रे गेली शंभर वर्षे लेखक रंगवीत आले आहेत. प्रत्येकाचे चित्र निराळे आहे. मात्र त्या माणसाला तुच्छतेने हाक मारण्यासाठी समाज एखादा शब्द घडवील, याविषयी जवळजवळ सर्वांचे एकमत दिसते. हे एकमत का झाले आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

वेठीचा शब्द

सुरुवात सर्वांना ठाऊक असलेल्या एका शब्दापासून करू. ‘रोबो’ हा शब्द आज शाळेतल्या मुलाच्याही तोंडी आहे. तो जगाला मिळाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून. हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी प्रागच्या रंगभूमीवर आले. शब्द सुचवला तो चापेकचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. या कल्पनेला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. आपण मात्र ‘रोबो’चे भाषांतर ‘यंत्रमानव’ असे केले. यंत्र आले, मानव आला, पण वेठ गळून पडली! वस्तुतः चापेकचे रोबो लोखंडाचे नाहीतच. कारखान्यात कृत्रिम जीवद्रव्यापासून तयार केलेली, रक्तामांसाची, दिसायला हुबेहूब माणसासारखी अशी ती माणसे आहेत. नाटकाच्या आरंभी त्यांच्या मुक्तीसाठी आलेली हेलेना कारखान्यातील एका रोबो स्त्रीला माणूस समजते आणि कारखान्याच्या संचालकांना रोबो समजते. डोळ्यांना जो फरक दिसत नाही, तो केवळ नावात आहे, हे नाटककाराने पहिल्या अंकाआधीच सांगून टाकले आहे.

या नाटकातील एक प्रसंग आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. जगभरच्या रोबोंनी एकजुटीने बंड पुकारल्याची बातमी येते, तेव्हा कारखान्याचा मुख्य संचालक आपली नवी योजना मांडतो. आजवर आपण सर्व देशांसाठी एकाच जातीचे रोबो बनवले, ही चूक झाली. यापुढे प्रत्येक देशात वेगळा कारखाना काढू, तिथले रोबो वेगळ्या रंगाचे आणि वेगळ्या भाषेचे असतील, ते एकमेकांचा द्वेष करतील आणि पुन्हा कधीही एक होणार नाहीत, असा त्या योजनेचा आशय आहे. कामगार संघटना बांधताना ज्यांनी जातीच्या आणि प्रांताच्या भिंतींवर डोके आपटले आहे, त्यांना ही योजना समजावून सांगण्याची गरज नाही. जातीने श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी केली, हा विचार डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात मांडला. चापेकच्या संचालकाला नेमके तेच साधायचे होते.

बाटलीतील जाती

यानंतर बारा वर्षांनी, १९३२ साली, आल्डस हक्स्लीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी आली. हक्स्ली त्यापूर्वी हिंदुस्थानात येऊन गेला होता आणि त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९२६ साली प्रसिद्ध झाले होते. या कादंबरीत माणसे आईच्या पोटी जन्मत नाहीत, बाटल्यांत वाढवली जातात. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशा पाच वर्गांत ती विभागलेली आहेत आणि या वर्गांना हक्स्लीने शब्द वापरला आहे तो ‘कास्ट’, म्हणजे जात. जितकी जात खालची, तितका गर्भाला प्राणवायू कमी दिला जातो, म्हणजे पुढे त्याने प्रश्न विचारू नयेत! प्रत्येक जातीच्या कपड्यांचा रंग ठरलेला आहे. झोपेत मुलांच्या कानांशी रात्रीमागून रात्री तीच वाक्ये घोकली जातात, आणि त्यांतून बीटाच्या मुलाला डेल्टाची किळस व आपण बीटा असल्याचा आनंद शिकवला जातो.

या कादंबरीतील सर्वांत खालच्या जातीला जे बिरुद लावले आहे, त्यात ‘मोरॉन’ हा शब्द येतो. आज इंग्रजीत ती साधी शिवी आहे. परंतु ती रस्त्यावर जन्मलेली नाही. १९१० साली हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धीच्या मोजणीतील एक पायरी म्हणून हा शब्द ग्रीक भाषेतून घडवला. म्हणजे तो शास्त्राच्या टेबलावर जन्मला, तेथून कायद्यात गेला आणि शेवटी रस्त्यावर आला. कायद्यात गेल्यावर काय झाले, त्याचे एकच उदाहरण देतो. व्हर्जिनियातील कॅरी बक या गरीब मुलीवर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारण्यात आला. तिचे मूल बलात्कारातून जन्मलेले होते. तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या सदोष ठरवून, १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तिच्या सक्तीच्या नसबंदीस मान्यता दिली. पुढे संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा कॅरी बक ही सर्वसामान्य बुद्धीची स्त्री असल्याचे निष्पन्न झाले. जी मुलगी तान्हेपणीच मंद ठरवली गेली, तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत आले होते. ती आठव्या वर्षी वारली. शब्द चुकीचा होता. शस्त्रक्रिया मात्र खरी होती.

म्हणून विज्ञानकथेतील शिव्या या हवेतून आलेल्या नाहीत. लेखकांनी त्या इतिहासातून उचलल्या आणि भविष्यकाळात ठेवल्या, एवढेच.

तीन प्रकारची नावे

आता १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाकडे वळू. फिलिप डिक याच्या १९६८ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. यातील घडवलेली माणसे एका बड्या कंपनीने जनुकशास्त्राच्या साहाय्याने निर्माण केली आहेत. परग्रहांवरील वसाहतींत धोक्याची व कष्टाची कामे त्यांच्याकडून करून घेतली जातात. त्यांचे आयुष्य केवळ चार वर्षांचे ठेवलेले आहे. आणि पृथ्वीवर पाऊल टाकले तर त्यांना ठार करण्याची पोलिसांना मुभा आहे. या चित्रपटात एकाच माणसासाठी तीन प्रकारचे शब्द आहेत आणि ते तिन्ही निरखून पाहण्यासारखे आहेत.

पहिला शब्द कंपनीच्या आणि सरकारच्या कागदावरचा. तो म्हणजे ‘रेप्लिकंट’, प्रतिकृती. तो सभ्य आहे, शास्त्रीय वाटतो, त्यात राग नाही. दुसरा शब्द पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडचा, ‘स्किन-जॉब’. कातडे चढवलेला माल, असा त्याचा भाव. चित्रपटाच्या मूळ आवृत्तीत नायक स्वतःच सांगतो की, जुन्या काळी कृष्णवर्णीयांना शिवी देणाऱ्या पोलिसांच्याच जातकुळीचा हा अधिकारी आहे. तिसरा शब्द क्रियेचा. या माणसांना मारले, असे कोणी म्हणत नाही; त्यांना ‘निवृत्त केले’ असे म्हणतात.

आपल्याला राग येतो तो मधल्या शब्दाचा. तो यावाही. पण माझ्या मते या तिघांत सर्वांत घातक मधला शब्द नाही. शिवी देणारा निदान आपल्यासमोर कोणी उभा आहे, हे मान्य करून त्याचा अपमान करतो. प्रतिकृतीचा अपमान होत नाही आणि निवृत्त केलेल्याचा खून होत नाही; कारण पहिल्या शब्दाने माणूस खोडला आणि तिसऱ्याने गुन्हा खोडला. कागदावरच्या नोटेचे चिल्लर करून ती रस्त्यावर चालवावी, तशी मधली शिवी आहे. नोट छापणारा कारखाना दुसरीकडेच आहे.

काझुओ इशिगुरो याच्या २००५ सालच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीत तर शिवीची गरजच उरलेली नाही. तेथे अवयव काढून घेण्यासाठी वाढवलेली मुले आहेत. त्यांच्या देहातून एकेक अवयव काढणे म्हणजे ‘दान’ आणि त्यात ती मरण पावली म्हणजे ‘पूर्ण झाली’. सारी भाषा मऊ, आणि ती मुलेसुद्धा तीच भाषा बोलतात! डेव्हिड मिचेल याच्या २००४ सालच्या ‘क्लाउड ॲटलस’मध्ये उपाहारगृहात राबणाऱ्या घडवलेल्या स्त्रिया आहेत. त्यांना ‘फॅब्रिकंट’, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या, असे म्हणतात. आणि त्यांच्याकडून सेवा घेणारे लोक स्वतःला ‘शुद्ध रक्ताचे’ म्हणवतात. बारा वर्षे निमूटपणे राबल्यास सुखाच्या बेटावर पाठवू, असे त्या स्त्रियांना वचन असते. प्रत्यक्षात त्यांची कत्तल होते. दुसऱ्याला खालचे नाव देणारा स्वतःसाठी वरचे नाव राखून ठेवतो. ‘शुद्ध’ हा शब्द ऐकताच आपले कान टवकारले पाहिजेत, कारण तो आपण शतकानुशतके ऐकत आलो आहोत.

पारडे फिरते तेव्हा

येथवर कोणी म्हणेल की, माणसाला परक्याची भीती वाटते, निराळ्याची घृणा वाटते, म्हणून या शिव्या निर्माण होतात. हा मानवी स्वभाव आहे. हा आक्षेप मला पटत नाही आणि त्याचे उत्तर एका चित्रपटानेच दिले आहे. १९९७ सालच्या ‘गॅटाका’त जनुके निवडून जन्माला घातलेली मुले समाजाच्या शिखरावर आहेत. त्यांना ‘व्हॅलिड’, म्हणजे ग्राह्य, असे म्हणतात. आईबापांनी नैसर्गिक रीतीने जन्म दिलेली मुले तळाशी आहेत आणि ती ‘इन-व्हॅलिड’. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात, रद्द झालेला कागद आणि पंगू माणूस. दोन्ही अर्थ एकाच वेळी त्या मुलांच्या कपाळी मारलेले आहेत. नायक व्हिन्सेंट याला जन्मतःच रक्ताच्या एका थेंबावरून हृदयविकाराचे भाकीत सांगितले जाते. अवकाशयात्री होण्याची आकांक्षा बाळगणारा हा तरुण त्याच संस्थेत फरशी पुसण्याच्या कामाला लागतो. जनुकांवरून भेदभाव करण्यास त्या देशात कायद्याने बंदी आहे. परंतु ती कोणी मानीत नाही. अस्पृश्यता कायद्याने बंद झालेल्या देशात राहणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटू नये.

आता या दोन चित्रपटांना शेजारी शेजारी ठेवा. ‘ब्लेड रनर’मध्ये जनुके घडवलेला माणूस गुलाम आहे आणि शिवी त्याला पडते. ‘गॅटाका’त जनुके घडवलेला माणूस मालक आहे आणि शिवी न घडवलेल्याला पडते. निराळेपणाची भीती हे जर शिवीचे कारण असते, तर दोन्हीकडे शिवी एकालाच पडली असती. तसे होत नाही. शिवी कोणाला पडणार हे जनुके ठरवीत नाहीत. कोणाचे श्रम कोणाच्या मालकीचे आहेत आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे आहे, यावरून ते ठरते. आधी हितसंबंध, मग वर्गवारी, मग शब्द, आणि सर्वांत शेवटी घृणा. आपण मात्र घृणेपासून सुरुवात करतो आणि तिच्यावर उपदेशाचा उतारा शोधत बसतो.

आपल्या घरातील हिशेब

येथे एक कटू गोष्ट सांगणे मला भाग आहे. हा सारा दोष भांडवलदारांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. सुप्रजाजननाच्या कल्पनेने डाव्या विचारांच्या थोरामोठ्यांनाही भुरळ घातली होती. इंग्लंडातील फेबियन समाजवाद्यांपैकी सिडनी वेब आणि बर्नार्ड शॉ हे तिचे पुरस्कर्ते होते. स्वीडनमध्ये समाजवादी लोकशाहीवाद्यांचे सरकार असताना १९३४ साली नसबंदीचा कायदा झाला, आणि १९७५ पर्यंत सुमारे ६३ हजार लोकांवर, त्यांतही मुख्यतः स्त्रियांवर, शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कित्येक सक्तीने किंवा दडपणाखाली झाल्या. तेथेही आधी शब्द आले. ‘अकार्यक्षम’, ‘हीन’ असे ते शब्द होते आणि ते उच्चारणारे लोक गरिबांचे कल्याण चिंतणारे होते. महाराष्ट्रातही ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी, असे प्रतिपादन केले होते. जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीचे शास्त्रच होय, असे सांगणारे पंडितही त्या काळी होते. १९३६च्या त्याच भाषणात डॉ. आंबेडकरांनी हा दावा तपासून निकालात काढला.

परंतु आपल्या घरात दुसरीही परंपरा आहे. जे. बी. एस. हाल्डेन हे समाजवादी शास्त्रज्ञ. गर्भाशयाबाहेर गर्भ वाढवण्याची कल्पना त्यांनी १९२३ सालच्या व्याख्यानात मांडली होती. पुढे ते भारतात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९३९ साली हाल्डेन, हर्मन मुलर, आल्डस हक्स्लीचे थोरले बंधू ज्युलियन हक्स्ली आणि इतर काही शास्त्रज्ञांनी मिळून एक निवेदन प्रसिद्ध केले. मानवजातीत आनुवंशिक सुधारणा कशी करता येईल, या प्रश्नाचे ते उत्तर होते. आधी सर्वांना सारखी परिस्थिती आणि सारखी संधी मिळाली पाहिजे. ती मिळेपर्यंत कोणाची जन्मजात योग्यता अधिक व कोणाची उणी, हे मोजण्यास काही आधारच नाही, असा त्याचा गाभा होता. त्यातील सर्व गोष्टी आज आपण स्वीकारणार नाही. परंतु हा क्रम मात्र समाजवादी क्रम आहे.

कार्ड आणि शिक्का

आता आपल्या दारातील गोष्ट. जनुके बदललेली माणसे आज केवळ कथेत उरलेली नाहीत. २०१८च्या नोव्हेंबरात चीनमधील हे जियानकुई या शास्त्रज्ञाने गर्भावस्थेत जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचे जाहीर केले. त्याबद्दल त्याला पुढे तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींची खरी नावे गुप्त ठेवली गेली, हे योग्यच झाले. पण वृत्तपत्रांनी ‘डिझायनर बेबी’ हे लेबल मात्र लगेच चिकटवले. ज्यांनी काहीही मागितले नव्हते, त्यांच्या नावाआधी त्यांचे लेबल जगभर पोहोचले.

दुसरी घटना आशेची आहे. सिकलसेल या रक्तविकारावर रुग्णाच्याच मज्जेतील पेशी काढून, त्यांच्या जनुकात बदल करून त्या परत देण्याचा उपचार २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्य केला. हा बदल पुढच्या पिढीत उतरत नाही. अमेरिकेत त्याची किंमत ठेवली गेली २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांहून अधिक! आणि हा आजार आपल्याकडे कोणाला आहे? गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट येथील आदिवासींना, विदर्भातील दलितांना. ज्याच्या घरी दवाखान्यापर्यंत जाण्याचे एसटीचे भाडे नसते, त्याला.

२०२३ सालीच सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तीत रक्त तपासून माणसाला कार्ड दिले जाते. हे काम आवश्यक आहे आणि आपण त्यास साहाय्य केले पाहिजे. परंतु ‘वाहक’ हा डॉक्टरांच्या कागदावरचा निरुपद्रवी शब्द आहे, तो गावात येताना काय होऊन येतो, हे पाहण्याची जबाबदारी कार्यकर्त्याची आहे. मुलीचे लग्न ठरण्याच्या वेळी तो शब्द कुजबुजीत फिरू लागला की कार्डाचा शिक्का होतो. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात माणसे डांबली गेली. १९५२ साली तो कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले, पण पोलिसांच्या तोंडून जुने नाव अद्याप पुरते गेलेले नाही. शब्द कायद्यापेक्षा दीर्घायुषी असतात.

म्हणून नुसते शब्द बदलून भागेल असे मी म्हणत नाही. वरून दिलेले गोड नावही अखेर वरूनच आलेले असते. ‘हरिजन’ हे नाव सद्भावनेने दिले गेले होते. तरी ज्यांना ते दिले, त्यांनी ते नाकारले आणि ‘दलित’ हे नाव स्वतः उचलले. नाव ठेवण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती असणे, हाही सत्तेच्या वाटपाचाच भाग आहे.

तेव्हा कामाच्या गोष्टी दोन. जनुकोपचार सार्वजनिक रुग्णालयातून, ज्याला आजार आहे त्याला मिळावा, ही मागणी आपल्या आरोग्याच्या कार्यक्रमात आजच आली पाहिजे. नाहीतर उद्या पैसेवाल्यांची मुले ‘ग्राह्य’ आणि आपली ‘रद्द’ ठरतील. आणि तपासणीची माहिती गुप्त राहील, ती नोकरी, विमा किंवा सोयरीक यांच्या आड येणार नाही, यासाठी गावोगाव पहारा ठेवला पाहिजे. हा पहारा आपल्या स्वतःच्या जिभेपासून सुरू होतो. सभेत विरोधकाला ‘वेडा’, ‘नपुंसक’, ‘आंधळा’ म्हणून टाळ्या घेणारे वक्ते आपल्याही व्यासपीठावर आहेत. मीही त्यांतला एक होतो, हे कबूल करतो.

शेवटी पुन्हा चापेककडे जातो. त्याच्या नाटकात रोबोंचे बंड यशस्वी होते आणि कारखान्यातील सारी माणसे मारली जातात. केवळ एकालाच ते जिवंत ठेवतात, अल्क्विस्ट नावाच्या बांधकामप्रमुखाला. हेलेनाने त्यांच्यावर दया केली होती, त्यांच्या हक्कांसाठी संस्थेची प्रतिनिधी म्हणून ती आली होती. पण पुढे ती कारखान्याच्या संचालकाशीच लग्न करून तेथे राहिली आणि वेठ चालूच राहिली. अल्क्विस्टने त्यांच्यासाठी भाषण केले नव्हते. तो आपल्या हातांनी विटा रचीत असे. हा आपल्यासारखाच हातांनी काम करतो, एवढ्यावरून रोबोंनी त्याला ओळखले.

आपण भाषणे पुष्कळ करतो. हे माझेही भाषणच आहे. उद्या तपासणीचे पथक वाडीवर येईल, तेव्हा त्या कार्डांच्या वाटपाला आपल्यापैकी कितीजण हजर राहतात, ते मी पाहणार आहे.